वरखाची दोन पानं

२ नोव्हेंबर १९३३, जालना

घड्याळ! एवढंसं मनगटी घड्याळ — आणि अख्खं घर त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं.

संध्याकाळी भुजंगराव वकिलांच्या ओट्यावर गेलो, त्यांचा पेपर परत करायला. पेपर हे निमित्त. हे मला ठाऊक आणि या वहीला ठाऊक. दिवे अजून लागायचे होते. तो दीनानाथ आधीच बसलेला! मुंबईच्या कुठल्याशा औषधाच्या कंपनीचा माणूस. दिवाळीला नव्या जालन्यात मामाकडे आला तो तिथंच ठाण मांडून बसलाय. निजामाच्या मुलखात एजन्सी उघडायची म्हणे. मग रोज कुंडलिका ओलांडून इकडं जुन्या जालन्यात कशाला? इथं काय वकिलांच्या ओट्यावर उघडायचीय एजन्सी?

त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली, आत घड्याळ धरलं आणि वकिलांच्या शरयूला म्हणाला, "आता डोळा लावून बघा." ती वाकली. माझ्यासमोर! वेणीचं टोक त्याच्या बाहीवर. "अगंबाई, आकडे हिरवे पेटलेत की!"

"रेडियम," तो म्हणाला. जसं काही ह्याच्या शेतात पिकतं.

मला कुणी ओंजळ दाखवली नाही.

५ नोव्हेंबर

आज परत आला. घड्याळासकट.

८ नोव्हेंबर

मी 'जगू'. तो 'ते'!

"जगू, बादली धर." "जगू, तुझा पाय चिखलाचा आहे." आणि त्याच्याबद्दल — "ते चहा घेत नाहीत." "ते म्हणाले मुंबईत विजेची गाडी आहे." ते, ते, ते! ओळख होऊन महिना झाला नाही. आमची दोन घरं एका आडावर पाणी भरतात, पोहरा एकच, रहाट एकच, हिच्याबरोबर मी पाटीपेन्सिल फोडली. पण 'ते' तो.

हैदराबादचं कॉलेज सोडून मी कशासाठी आलो? घरी सांगितलं, हवा मानवत नाही. खरं तर मावशीच्या तोंडून कळलं की वकील शरयूसाठी स्थळं बघून राह्यलेत, आणि त्याच दिवशी गाडी धरली. इंटरची परीक्षा तोंडावर. वडील असून दादा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. दिव्यांच्या दुकानात बसवलंय — ग्यासबत्त्या पूस, काचा मोज. आणि इतकं करून तिच्याशी काय बोललो? काही नाही! पेपर नेतो, पेपर आणतो.

९ नोव्हेंबर

आता घट आला. रेडियमचा घट! दिसायला माठच, वर तोटी आणि इंग्रजी शिक्का. उषाकाकूंचे — शरयूच्या आईचे — गुडघे धरलेत ना, त्यासाठी. "रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी अनशापोटी घ्या. सूर्याचं तेज पोटात जातं, वहिनी." वहिनी म्हणतो काकूंना. उद्या सासूबाई म्हणेल.

शरयूनं विचारलं, "मग तुम्ही पण घटातलंच पिता?"

तो हसला. खिशातून छोटी निळी बाटली काढली. "घट घरोघरी द्यायला. हे अस्सल. कंपनी फक्त आपल्या माणसांना देते. दोन वर्षं झाली, रोज एक." आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याला. गाल लालबुंद आहेत हे खरं. तोंडाला लवंगेचा वास येतो — दाढ काढलीय म्हणाला. उषाकाकू म्हणतात, "काय बाई तेज आहे चेहऱ्यावर!"

माझ्या चेहऱ्यावर काय आहे, रॉकेलची काजळी?

११ नोव्हेंबर

मच्छिंद्र भेटला. शाळेपासूनचा दोस्त, पिंपळगाव रेणुकाईचा, आता जिनिंगमध्ये कारकून. सगळं सांगितलं. तर म्हणतो, "मंग तू बी एक बाटली घे ना निळी. नीळ कालवून पी. तेज न्हाई आलं तरी धुवून तरी निघशील!"

हसत हसत निघून गेल्ता. मी परत हाक मारली नाही.

१४ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं! वाचनालयात जुन्या इंग्रजी अंकांचा गठ्ठा आहे, त्यात. अमेरिकेत एक श्रीमंत माणूस रोज रेडियमचं पाणी प्यायचा. आधी म्हणे अंगात बिजली संचारली. मग दात गेले. मग जबडा. मग कवटीला भोकं पडली आणि मेला. आणि घड्याळाचे आकडे रंगवणाऱ्या पोरी — ब्रशाला टोक यावं म्हणून ओठात धरायच्या — त्यांचीही हाडं सडली.

देवा, मला किती आनंद झाला! लिहायला लाज वाटते, पण झाला.

तसाच धावत वकिलांकडं. तो होताच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काय बोललो नीट आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं. भुजंगराव चष्मा काढून म्हणाले, "जगन्नाथ, इंटर पास झालास का रे तू?" उषाकाकू म्हणाल्या, "काही तरी अभद्र बोलू नको, माझे गुडघे हलके झालेत." आणि दीनानाथ — शांत! मनगट पुढं करून म्हणतो, "मग हे घड्याळ पण विषारी का, जगन्नाथराव? टाकून देऊ?"

"बिलकुल विष आहे!" मी म्हटलं. "द्या इकडं, मी टाकतो!"

आणि टाकलं. मनगटावरून ओढलं आणि मागच्या दारानं जाऊन आडात फेकलं. डुब्ब.

१५ नोव्हेंबर

आज दोन्ही घरी पाणी नाही.

उषाकाकू म्हणाल्या, "जगूच म्हणाला, विष आहे. आता आडातलं पाणी कोण तोंडाला लावील?" माझी आई त्यांच्याच बाजूची! शेजारची तुळजाबाई कामवाली नदीवरून हंडे आणते आणि प्रत्येक खेपेला माझ्याकडं बघून म्हणते, "शिकलेल्याचं पाणी जड असतंय बाबा."

मी म्हटलं, अहो एवढ्याशा घड्याळानं आड नासत नाही, रेडियम काचेच्या आत बंद आहे. — "काल तर विष म्हणत होतास!" दादा पहिल्यांदा बोलले. महिन्यात पहिल्यांदा. हे बोलले.

१६ नोव्हेंबर

उतरलो आडात. दोर कमरेला, पाणी छातीला, थंडीनं दात वाजतायत आणि वर काठावर सगळी आळी. मच्छिंद्र पण! "अरे दिसलं का तेज?" ओरडून राह्यला. गाळात हात घालघालून काढलं एकदाचं. बंद पडलंय. आकडे मात्र मुठीत हिरवेच.

दीनानाथनं रुमालात घेतलं, म्हणाला, "राहू द्या, दुरुस्त होईल." रागावला असता तर बरं झालं असतं. मोठेपणा! मोठेपणाचा तर मला जास्त संताप येतो.

सगळे गेल्यावर शरयू रहाटाशी उभी. म्हणाली, "जगू, तुला खरंच माहीत आहे, का नुसता राग आहे?"

"माहीत आहे."

"मग दाखव. आई रोज पितेय ते. माघात त्यांच्याशी माझं साखरपुड्याचं चाललंय. दाखवता येत असेल तर जल्दी दाखव, नाही तर पुन्हा बोलू नकोस."

माघात.

१७ नोव्हेंबर

झोप नाही. कॉलेजातल्या उस्तादांचं आठवत होतो. उर्दूतून सायन्स शिकवायचे, दाढीला खडूची भुकटी. मी असंच काही विचारलं होतं, की रेडियमचे किरण — शुआ — इतके भयंकर तर रेडियम घड्याळात कसं? ते म्हणाले, "मियाँ, शुआ कहाँ नहीं? मिट्टी में है, पत्थर में है, तुम्हारी हड्डी में है. ये मत पूछो कि है क्या. पूछो कितनी — और बाहर कि अंदर?"

कितनी. बाहर कि अंदर. मी त्या तासाला खिडकीबाहेर बघत होतो, तरी एवढं राहिलं डोक्यात. आणि एक राहिलं — हाडाला चुना लागतो, आणि रेडियम चुन्यासारखंच दिसतं हाडाला. बाहेर असलं तर दाराबाहेरचा साप. पोटात गेलं की अंथरुणातला.

मोजायला हवं. बर्कनुमा करायचा — वीज दाखवणारं यंत्र!

२० नोव्हेंबर

झाला! आईची लोणच्याची काचेची बरणी (आई किंचाळली). बुचातून तांब्याची तार, बूच लाखेनं बंद, तारेच्या वर तांब्याची चकती, आणि खाली टोकाला वरखाची दोन पानं. वरखवाले चाचा कातड्याच्या थप्पीत चांदी कुटतात, त्यांच्याकडून आणला. म्हणाले, "मिठाई किधर है, बाबू?" मी म्हटलं, बरणीत घालायचाय. माझ्याकडं कसे बघत राह्यले!

फुंकरीनं फाटतो मेला. चार वेळा फाटला. पाचव्यांदा चिकटला. लाखेची कांडी घोंगडीवर घासून चकतीला टेकवली — पानं फाकली! भावाभावांच्या वाटण्या झाल्यासारखी दोन बाजूंना. आणि तशीच राहिली. किरण आले की हवा वीज पळवते आणि पानं मिटतात. जितकी जल्दी मिटतील तितके किरण जास्त. बस. एवढंच यंत्र.

मी कॉलेजात हे कधी केलं नाही. जोडीदार करायचा, मी बघायचो.

२३ नोव्हेंबर

दिसेल ते बरणीवर ठेवून राह्यलोय. मीठ — काही नाही. आडाचं पाणी — काही नाही (आईला दाखवलं, तिनं ताबडतोब पोहरा टाकला!). केळं, काळा दगड, दुकानातली चिनी बशी — काही कळण्यासारखं नाही. उस्ताद म्हणाले होते सगळ्यात असतं. असेल, पण माझ्या वरखाला कळण्याइतकं नाही.

मग सहज ग्यासबत्तीची कोरी जाळी ठेवली. आमच्याच दुकानातली. पानं खाली! तीन दुसऱ्या जाळ्या ठेवल्या, तेच. दादांना सांगितलं, तर कपाळाला हात लावून म्हणाले, "आता माझंही दुकान आडात टाक!"

जाळीत थोरियम असतं, रेडियमचंच भाऊबंद, पण घाबरायचं कारण नाही. जाळी कुणी खात नाही. फक्त नवी बसवताना तिची राख नाकातोंडात जाऊ देऊ नये, एवढंच. हे मीच त्यांना समजावलं, शांतपणे. मी! शांतपणे!

२५ नोव्हेंबर

शरयू घड्याळ घेऊन आली. त्याचंच. त्याच्याच रुमालात बांधलेलं. "त्यांनी दिलं, म्हणाले खुशाल मोजा." रुमालाला अत्तराचा वास.

मोजलं. पानं मिटली, पण किती सावकाश! कोऱ्या जाळीपेक्षाही सावकाश. काच आडवी येते. मी दात ओठ खाऊन खरं तेच सांगितलं, की मनगटावर असू दे, फोडून चाटलं नाही तर काही होत नाही.

"म्हणजे आडात टाकायची गरज नव्हती," ती म्हणाली. हसली. माझ्यावरच हसली, पण बरणीशी बसून हसली.

२८ नोव्हेंबर

घट!!

तिनं घटातलं पाणी आणलं. काही नाही. मग घटच उचलून आणला. खापरावर, तोटीवर, आतून खरवडून. पानं ढिम्म हलत नाहीत! माठ! निव्वळ कुंभाराचा माठ, वर इंग्रजी शिक्का!

लबाड! चोर! मी उडालोच. म्हटलं, चल, आत्ताच सांगू. तर ती तिथंच मटकन बसली आणि डोळ्याला पदर लावला. "म्हणजे आईला काही धोका नाही ना रे?"

तो फसवतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. मी सांगितलं, नाही, काही धोका नाही. तोंड कडू झालं.

३० नोव्हेंबर

वकिलांच्या ओट्यावर बरणी मांडली. सगळ्यांसमोर घट ठेवला. पानं हलली नाहीत. "बघा," मी म्हटलं, "रेडियम तर सोडाच, ह्यात लाज पण नाही."

दीनानाथ पांढरा पडला. वाटलं आता पळेल. तर म्हणाला, "मलाही फसवलंय मग." खरंच वाटलं त्याला! माझी सगळी हवा गेली. लबाड असता तर काम बराबर झालं असतं; हा तर भोळा निघाला.

मग त्यानं निळी बाटली काढली. "ही बघा. ही तरी?"

एक थेंब चकतीवर. पानं खाडकन खाली!

आणि लोक काय म्हणाले? "वा!" टाळ्या! भुजंगराव म्हणाले, "म्हणजे माल अस्सल आहे तर!" उषाकाकूंनी ओवाळायचंच बाकी ठेवलं. मी ओरडतोय, अहो तेच तर विष, पोटात जातंय, हाडात बसतंय — कोण ऐकतं? ज्यात नव्हतं त्याला मी खोटं म्हणालो, ज्यात आहे त्यालाही वाईट म्हणतोय. "ह्याला दोन्हीकडून वाईटच दिसतं," भुजंगराव म्हणाले.

माझ्याच बरणीनं त्याला पास केलं.

शरयू बाटलीकडं बघत होती.

१२ डिसेंबर

तिकडं गेलो नाही. पेपर पण नाही.

२० डिसेंबर

मच्छिंद्र म्हणाला, दीनानाथ नव्या जालन्यात दातवाल्याकडं दिसला. दिवाळीत काढलेल्या दाढेची जखम भरतच न्हाई म्हणे. गाल सुजलाय. "तुझा राग लागला त्याला," म्हणाला.

मी हसलो. घरी आल्यावर हसू आलं नाही.

२४ डिसेंबर

उस्तादांचं आणखी एक आठवलं. हाडात रेडियम असेल तर त्याची हवा सुटते, रक्तातून छातीत येते, श्वासाबरोबर बाहेर पडते. श्वास मोजता येतो!

बुचाला दुसरं भोक पाडून पपईच्या देठाची नळी बरणीत सोडून स्वतः फुंकून बघितलं. पानं मिटली! आईला हाक मारणार होतो. मग कळलं, ओल! श्वासाची ओल वीज पळवते. मग नळी आधी कळीच्या चुन्याच्या बाटलीतून नेली. चुना ओल पितो. आता फुंकलं — पानं जागेवर. आईचा श्वास — जागेवर. मच्छिंद्रचा — जागेवर, बरणीत कांद्याचा वास मात्र भरला.

३ जानेवारी १९३४

तो स्वतःच आला. आमच्या घरी. गालाला रुमाल बांधलेला.

"जगन्नाथराव, ते अमेरिकेतल्या माणसाचं पुन्हा सांगा. आधी काय गेलं त्याचं?"

"दात."

मी नळी पुढं केली. त्यानं फुंकलं. पानं मिटली. कांडी घासून पुन्हा वीज भरली, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा मिटली. मग मी फुंकून दाखवलं — तशीच फाकलेली.

त्यानं बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्हाला बरं वाटत असेल."

वाटलं. क्षणभर वाटलं. मान खाली घातलेला तो, आणि माघ जवळ आलेला. मग नाही वाटलं. म्हटलं, "बाटली आजपासून बंद. मुंबईला जा, मोठ्या डॉक्टरला जबडा दाखवा. जल्दी. हे मी रागानं सांगत नाही."

"मग कसं सांगताय?"

मी नळी पुसायला घेतली. त्यानं खिशातली बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. निघताना म्हणाला, "वकिलांना मीच सांगीन. साखरपुडा नको म्हणून. तुम्ही सांगू नका, त्यांना खरं वाटायचं नाही."

७ जानेवारी

तो गेला. सकाळच्या गाडीनं. स्टेशनवर मी गेल्तो. मामा रडत होते. तो घड्याळ काढून मला द्यायला लागला, मी घेतलं नाही. आता का घेऊ?

वकिलांकडं दार लोटलेलं. उषाकाकूंचा आवाज येत होता — "दृष्ट लागली." कुणाची, ते मला माहीत आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. आईनं तीळगूळ दिला, म्हणाली वकिलांकडं दे. गेलो. दारात शरयू. तीळगूळ हातावर ठेवला, "गोड बोल" म्हणायचं होतं, म्हटलं नाही. आता मैदान मोकळं आहे, असं मच्छिंद्र म्हणतो. पेपर पुन्हा सुरू करू का? उद्या करीन. हैदराबादला जाऊन परीक्षाही द्यावी. दादांशी बोलेन. मग भुजंगरावांशी. ताठ मानेनं. सहा महिन्यांत —

इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मनाची लाज वाटते, तरी हलकं वाटतंय.

१७ जानेवारी

शरयू दुपारी आली. एकटी. आत येऊन बरणीसमोर बसली. म्हणाली, "माझा बघ."

मी म्हटलं, "तुझा कशाला?"

"घट आला तेव्हापासून बाटलीतली अर्धी ते, अर्धी मी. तू ओट्यावर थेंब ठेवलास ना, त्या दिवसापासून घेतली नाही. तुझं खरं वाटलं मला." नळी तिनंच उचलली.

पानं मिटली. मी कांडी घासून पुन्हा भरली. तिनं पुन्हा फुंकलं.

पुन्हा मिटली.